कुणी सांगितलं?

कॉलेजातल्या पहिल्या चाचणीचा इतिहासाचा पेपर हातात आला तेव्हा वसईच्या वेढ्यावरच्या उत्तरात एका वाक्याखाली लाल रेघ होती आणि समासात तीन-चार शब्द : ‘हे तुला कुणी सांगितलं?’

वाक्य असं होतं. किल्ला हाती येईना तेव्हा मराठ्यांचे सेनापती चिमाजीअप्पा म्हणाले, निदान माझं मस्तक तरी तोफेच्या तोंडी देऊन किल्ल्यात टाका. मी ते मोठ्या ऐटीत लिहिलं होतं. लाल रेघ पाहून कानशिलं तापली. कामणसारख्या गावातून आलेली मुलगी काहीतरी ऐकीव लिहून बसली, असंच सरांना म्हणायचं असणार. तास संपल्यावर मी बाकावरच बसून राहिले. सर फळा पुसत होते. पाठमोरे असतानाच त्यांनी विचारलं, “सांग ना, कुणी सांगितलं?”

“आज्यानं,” मी म्हटलं. “आजोबांनी.”

“मग त्यांचं नाव लिहायचं. वय लिहायचं. गाव लिहायचं. आणि त्यांना कुणी सांगितलं, ते विचारून यायचं.”

ही गोष्ट १९८४ची. सरांनी तो प्रश्न अगदी सरळ विचारला होता, त्यांना उत्तर हवं होतं. हे माझ्या लक्षात यायला दिवाळीची सुट्टी उजाडावी लागली.

कामण वसई तालुक्यात, चिंचोटीहून भिवंडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. मागे कामणदुर्ग आणि तुंगारेश्वरचे डोंगर, पुढे खाडी. आता त्या रस्त्यावर गोदामं आणि गाळे आहेत. तेव्हा दोन्ही अंगांना भातशेती होती आणि दिवसातून मोजक्या एसट्या. वसईत कॉलेज होतं, पण पालघरला माझा मामा राहत होता आणि मुलगी मामाच्या घरी राहील तर शिकेल, असा घरचा निकाल लागला. म्हणून मी पालघरच्या सोनोपंत दांडेकर महाविद्यालयात गेले. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. वेगळा जिल्हा झाला तो पुष्कळ नंतर, १ ऑगस्ट २०१४ला.

सोनोपंत दांडेकर कोण, हे आम्हा मुलांना ठाऊक नव्हतं. देणगीदार असतील असं वाटायचं. एकदा वर्गात कुणीतरी तसं म्हणालंही. सरांनी त्या दिवशीचा पाठ बाजूला ठेवला आणि पूर्ण तास सोनोपंतांवर बोलले.

शंकर वामन दांडेकर, जन्म १८९६चा, आपल्या केळवे-माहीमकडचे. पुण्यात तत्त्वज्ञान शिकले, गुरुदेव रानड्यांसारख्या प्राध्यापकाच्या हाताखाली. पुढे स्वतः तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले, सर परशुरामभाऊ महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. आयुष्यभर लग्न केलं नाही. पुण्यातले लोक त्यांना मामा म्हणायचे. हा माणूस कॉलेजात प्लेटो शिकवायचा आणि कीर्तनाला उभा राहिला की ज्ञानेश्वरी सांगायचा. ‘ज्ञानदेव आणि प्लेटो’ हे त्यांच्या पुस्तकाचं नावच आहे. पण सरांनी सांगितलेली जी गोष्ट माझ्या मनात बसली ती विष्णुबुवा जोगांची. जोगमहाराज तरुणपणी तालमीतले, कुस्ती खेळणारे. त्यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. त्यांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, तेव्हा त्यांच्याभोवती जमलेल्या मोजक्या शिष्यांत हे कॉलेजातले दांडेकर होते. युरोपातलं तत्त्वज्ञान इंग्रजीतून वाचणारा तरुण मुलगा वारकऱ्यांच्या पंगतीत मांडी घालून बसला आणि पुढे जन्मभर उठला नाही. वारकरी पंथाचा इतिहास त्यांनी लिहिला. त्यांनी सिद्ध केलेली सार्थ ज्ञानेश्वरी १९५३ साली निघाली आणि घरोघर गेली. माझ्या सासरी देवघरात तीच प्रत आहे, कडेनं हळदीचे डाग पडलेली.

सरांनी पुण्यात शिकताना मामांची कीर्तनं ऐकली होती. “मागं बसायचो,” म्हणाले. “माझ्या एका बाजूला वकील असायचे, दुसऱ्या बाजूला हमाल. मामा दोघांना पुरायचे.” एवढंच. त्यांना कुणाचं गुणगान लांबवायची सवय नव्हती.

दिवाळीत मी आज्याला विचारलं, तुला चिमाजीअप्पांची गोष्ट कुणी सांगितली? त्याला आधी प्रश्नच कळला नाही. मग म्हणाला, त्याच्या आज्यानं. आणि त्याला? “मना काय ठावं? कुणीतरी सांगली असंल.” मी वहीत तसंच लिहून नेलं. सरांनी वाचलं, दोन मिनिटं काही बोलले नाहीत, आणि विचारलं, “तुझ्या आजोबांना भेटता येईल का?”

कॉलेजातला प्रोफेसर आपल्या घरी येणार म्हटल्यावर घरात जी धावपळ झाली ती मी आजही डोळ्यांपुढे आणू शकते. ओटी शेणानं सारवली. शेजारच्या घरातून लोखंडी खुर्ची आणली आणि तिच्यावर टॉवेल अंथरला. सर वसईहून एसटीनं आले, धुळीनं केस पांढरे झालेले, खांद्याला शबनम. आज्याला वाकून नमस्कार केला आणि खुर्चीकडे न बघता त्याच्यासमोर ओटीवरच बसले. आजा उठायला लागला. “मास्तर, खालती कशाला बसता? कुर्शी हाय ना!”

“वर बसलो तर लिहिता येणार नाही,” सर म्हणाले आणि मांडीवर वही उघडली.

त्या वहीचं सांगायला हवं. साधी दोनशे पानी वही, दुकानातलीच. तिची डावी पानं सांगणाऱ्याची आणि उजवी तपासाची. डाव्या पानावर माणूस जे बोलला ते त्याच्याच बोलीत, शब्दही न बदलता. वर नाव, वय, गाव, कुणाकडून ऐकलं ते. उजव्या पानावर, त्याबद्दल कागदपत्रांत, पुस्तकांत, जमिनीवर काय सापडलं ते. बहुतेक उजवी पानं कोरी होती. ती कोरी ठेवायला सर घाबरत नसत, आणि डाव्या पानावर कधी काट मारत नसत.

आजा बोलायला लागला. तासाभरात त्याचा संकोच गेला. तुंगारावर तुंग नावाचा असुर होता आणि परशुरामानं त्याला मारलं, इथून सुरुवात. मग फिरंग्यांचा अंमल, मग अप्पांची फौज, मग तोफ आणि मस्तक. आणि मधेच एक गोष्ट, जी त्यानं मला कधी सांगितली नव्हती. कामणदुर्गावर रात्री दिवटी पेटायची. खाडीत गलबतं दिसली की एक, घोडबंदरच्या अंगाला हालचाल दिसली की दोन. गावात कुणी पाहायला जागं असायचं. “आमच्या घरातला माणूस व्हता त्यात,” आजा म्हणाला, आणि इतका वेळ ओटीवर बसलेला म्हातारा ताठ झाला.

सर लिहीत होते. मान वर करून त्यांनी एकच विचारलं, “दिवटीला तेल कसलं, हे कुणी सांगितलं होतं का?” आज्यानं विचार केला. “नाय. तां नाय सांगलं.” सरांनी लिहिलं : तेलाचं सांगितलं नाही.

तोफेच्या गोष्टीचं उजवं पान सरांनी आम्हाला वर्गात भरून दाखवलं. १५३४पासून वसई पोर्तुगीजांकडे होती. मराठ्यांची मोहीम १७३७च्या मार्चमध्ये ठाणे घेण्यापासून सुरू झाली आणि वसईचा किल्ला पडायला १७३९चा मे महिना उजाडला. शेवटच्या महिन्यांत मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे वेढ्यात होते. तटाखाली सुरुंग खोदले, काही उडाले, काही आपल्याच माणसांवर उलटले. माणसं हजारांनी पडली. चिमाजीअप्पांची त्या काळातली पत्रं छापलेली आहेत. सरांनी आम्हाला ती वाचायला लावली. त्या पत्रांतला थकवा, काळजी, सुरुंगांचा हिशोब वाचल्यावर मस्तकाचं वाक्य मला वेगळं दिसायला लागलं. शेवटी तह झाला. पोर्तुगीजांना आठ दिवसांची मुदत मिळाली आणि ते हत्यारांसह, मानानं किल्ल्याबाहेर पडले. हा भाग आज्याच्या गोष्टीत नव्हता. पुढच्या सुट्टीत मी त्याला तो सांगितला. तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “जिंकल्यावर जाऊ दिला. चांगला केला.” सरांना हे कळलं तेव्हा त्यांनी तेही डाव्या पानावर तारीख घालून लिहून घेतलं.

माझ्या मते मस्तकाची गोष्ट खरी की खोटी, या वादात फारसं काही हाती लागत नाही. त्या तटाखाली जी हजारो माणसं गेली, त्यांच्या घरच्यांना त्या मरणाचं मोल सांगणारं एक वाक्य हवं होतं आणि ते त्यांनी अडीचशे वर्षं सांभाळलं. पण पेपरात ते अप्पांच्या तोंडी लिहिणं चूक होतं. ते आज्याच्या तोंडी लिहायला हवं होतं.

दिवटीच्या गोष्टीसाठी आम्ही कामणदुर्ग चढलो. जानेवारीत, आठ-नऊ मुलं, सर आणि देवकुंडीच्या पाड्यावरचा एक वाटाड्या, जो अनवाणी चालत होता आणि आमच्या बुटांकडे पाहून हसत होता. डोंगर दोन हजार फुटांच्या वर आहे. वरचा चढ कारवीतून जातो आणि सुकलेल्या गवतावरून पाय सटकतो. सरांना धाप लागत होती तरी थांबले की काहीतरी विचारायचे. या ओढ्याला काय म्हणता? हे झाड कशाला लागतं? वाटाड्या सांगायचा, आम्ही लिहायचो. माथ्यावर बांधकाम फारसं उरलेलं नाही, पण कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. सरांनी त्यांची लांबी-रुंदी मोजायला लावली. इतकं पाणी म्हणजे किती माणसं, किती महिने, याचा हिशोब आम्ही तिथेच बसून केला. प्रत्येकाचा आकडा वेगळा आला आणि सरांनी सगळे लिहून घेतले.

मग ते पश्चिमेच्या कड्यापाशी जाऊन उभे राहिले. धुकं विरत होतं. खाली आमची शेतं, त्यापलीकडे खाडीची वळणं, खाडीपल्याड घोडबंदरचे डोंगर, आणि टोकाला समुद्राची पांढुरकी पट्टी. आम्ही सगळे ओरडत होतो, आपापली घरं शोधत होतो. सरांनी उजव्या पानावर तीन ओळी लिहिल्या. ती वही आज माझ्याकडे आहे, म्हणून जशा आहेत तशा देते :

‘खाडी दिसते. दिवा लावला असता तर गावातून दिसला असता. लावत होते का, माहीत नाही.’

सर घरी आले त्या दिवशी आज्याच्या मागे, उंबऱ्याच्या आत, आजीही बसली होती. सगळ्यांना कोरा चहा दिला आणि पुन्हा तिथेच जाऊन बसली. आजा थकून तंबाखू मळायला लागला तेव्हा सर तिच्याकडे वळले. “आजी, तुम्ही सांगा.”

आजी हसली. “मी काय सांगू? मी शेतान व्हतू.”

“शेतातलं सांगा.”

आजपर्यंत तिला असं कुणी म्हणालं नव्हतं. मीही नाही. आणि मग ती जे बोलली त्याला सरांची नऊ पानं लागली. खाडीकाठच्या खार जमिनीला बांध कसा घालतात. भरतीचं पाणी आत येऊ नये आणि पावसाचं बाहेर जावं म्हणून उघाडी कशी बसवतात, तिची फळी कुठल्या भरतीला कोण पाडतं. उधाणात बांधाला खांड पडली की रात्री-अपरात्री सगळं गाव कसं चिखल घेऊन धावतं, आणि एकदा अशा खांडीत ती स्वतः छातीइतक्या पाण्यात उभी राहून हातोहात चिखल पुढे देत होती तेव्हा माझा बाप तिच्या पोटात होता. खारीत राता पेरायचा, लाल दाण्याचा. त्या जमिनीला नांगर लागत नाही. बी भिजवायचं, झाकून ठेवायचं, मोड आले की चिखलावर फेकायचं. लावणी नाही. पहिल्या पावसानं मीठ धुतलं गेलं की रोप धरतं, पाऊस लांबला की जळतं. ती बोलताना तिचे हात बी फेकत होते, मनगट उलटं करून, बोटं एकदम मोकळी सोडून. सर लिहायचे थांबले आणि नुसते तिच्या हाताकडे पाहत राहिले. वहीत त्या ठिकाणी कंस करून लिहिलंय : (हात पाहणे. लिहिता येत नाही.)

जाताना त्यांनी आजीलाही नमस्कार केला. ती एवढी लाजली की पदर तोंडाला लावून आत पळाली. रात्री चुलीपाशी मला म्हणाली, “तुजे मास्तरला काय येत नाय शेतीतला. पण शिकंल.”

मला वाटतं, मी त्या रात्री सरांची विद्यार्थिनी झाले. प्रवेश त्याआधी सहा महिने झाला होता.

दुसऱ्या वर्षी सर आम्हाला नालासोपाऱ्याला घेऊन गेले. सोपारा म्हणजे जुनं शूर्पारक, हे पुस्तकात होतं. तिथे एक मोठा मातीचा उंचवटा आहे, ज्याला लोक बुरुड राजाचा कोट म्हणत आले. टोपल्या विणणाऱ्या बुरुडांचा राजा, त्याचा कोट. १८८२च्या एप्रिलमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो उकरला आणि आत स्तूप निघाला. मधोमध दगडी पेटी, तिच्यात एकात एक बसवलेले करंडक, तांब्याचा, चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा, आणि सगळ्यांत आत सोन्याचा, त्यात मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे. भोवती आठ लहान कांस्यमूर्ती. यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहे. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्याच वर्षी सोपाऱ्यात मिळाला. नववा मिळायला १९५६ साल उजाडलं, तो भुईगावला.

सरांना भगवानलाल फार आवडायचे. जुनागढचा हा मुलगा कॉलेजात शिकला नाही. गिरनारच्या शिलालेखांवरची अक्षरं ओळखायच्या नादाला लागला. डॉ. भाऊ दाजी लाड, जे आधी एल्फिन्स्टन संस्थेत शिकवत आणि मग डॉक्टर झाले, त्यांनी त्याला मुंबईला बोलावून घेतलं, जवळ ठेवलं, देशभर शिलालेखांच्या मागे धाडलं. पुढे हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठानं भगवानलालांना सन्मानानं डॉक्टरेट दिली. सर त्या उंचवट्यावर उभे राहून हे सांगत होते, खाली पोरं क्रिकेट खेळत होती, आणि सर मधेच थांबून म्हणाले, “पण इथं काहीतरी आहे, हे पंडितांना कुणी सांगितलं असेल?”

आम्ही गप्प. एकजण म्हणाला, ग्रंथांत असेल.

“ग्रंथांत सोपारा आहे. हा उंचवटा नाही.” सरांनी पायाखालच्या मातीकडे बोट दाखवलं. “नुसती माती असती तर नांगरून टाकली असती. लोक कोट म्हणत राहिले म्हणून कुणी हात लावला नाही.”

बी.ए. झाल्यावर मी शिक्षिका झाले. आजा गेला, त्यानंतर चार वर्षांनी आजी. खारीची शेती आमच्या घरातून त्यांच्यासोबतच गेली. बांध सांभाळायला गाव लागतं, एक घर पुरत नाही. उघाडी कुजली, उधाणाचं पाणी आत आलं, आता तिथे तिवरं आहेत. सर निवृत्त झाले तेव्हा त्यांनी कामणची वही मला दिली. म्हणाले, उजवी पानं तुझ्याकडे लागली.

ती भरायला मला फार वर्षं लागली, आणि अजून अर्धी कोरी आहेत. पण एक पान भरलं त्या दिवसाचं सांगते. शाळेला सुट्टी होती, मी मुंबईत एका ग्रंथालयात जुनं ठाणे गॅझेटियर घेऊन बसले होते. मुंबई गॅझेटियरचा तेरावा खंड, तोही १८८२चाच, कॅम्पबेलसाहेबांच्या देखरेखीखाली निघालेला. शेतीच्या प्रकरणात खाऱ्या जमिनीतल्या भाताबद्दल मजकूर होता. दाणा लाल. नांगरट नाही. बी भिजवून, मोड आणून चिखलावर टाकतात. लावणी नाही. इंग्रजीत होतं, कोरड्या सरकारी भाषेत, पण वाचताना मला तिचं उलटं मनगट दिसत होतं. शेजारी बसलेल्या मुलीनं विचारलं, काकू, बरं वाटत नाही का?

दुसऱ्याच रविवारी मी पालघरला सरांकडे गेले. खूप थकले होते, डोळ्यांनी कमी दिसत होतं, पण आवाज तोच. मी उजवं पान वाचून दाखवलं, खंड, पानाचा आकडा, सगळं. शंभर वर्षांपूर्वीच्या छापील पुस्तकात आजीचा शब्दन् शब्द निघाला म्हणून मी अगदी फुलून गेले होते. म्हटलं, “सर, आजी खरी निघाली. पुरावा मिळाला.”

सरांनी वही हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली. दिसत नव्हतंच. बोटानं पानांची मधली शिवण चाचपली.

“छान,” म्हणाले. “आणि गॅझेटियरवाल्यांना कुणी सांगितलं?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबले. साहेब काही चिखलात उतरला नसणार. त्यानं मामलेदाराला विचारलं असेल, मामलेदारानं तलाठ्याला, आणि तलाठी कुणाच्या तरी बांधावर जाऊन उभा राहिला असेल. वसईत, कामणला, नाहीतर खाडीपल्याड. कुणीतरी त्याला हातानं बी फेकून दाखवलं असेल.

“नाव नाही लिहिलेलं,” मी म्हटलं.

“वय?”

“नाही.”

“गाव?”

“तेही नाही, सर.”

“मग हे डाव्या पानावर घे,” सर म्हणाले, आणि वही माझ्याकडे परत दिली.